एसी नसलेल्या खोलीत घरी जुळवलेला पीसी ओव्हरक्लॉक करायचा असेल तर कोणते पार्ट घ्यावेत आणि कुठवर ताणावं?

तुम्ही लिहिलंय की गेमिंग आणि थोड्या व्हिडिओ एडिटिंगसाठी पहिल्यांदाच स्वतः पीसी जुळवताय, ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे चिप कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायची, हौस आहे, घर अकोल्यात आहे आणि खोलीला एसी नाही. पार्ट निवडताना मी या शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करेन. हवेवर चालणारा कूलर कितीही महागाचा असला तरी चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर थांबणारा प्रोसेसर मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत तेच काम करताना ९० च्या घरात जातो. म्हणजे तुमच्याकडे ताणायला मुळातच २० अंश कमी आहेत.

त्यात चिपची उष्णता साधारणपणे वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ५ टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३० केलं, तर नुसत्या व्होल्टेजमुळे १७ टक्के आणि वेग धरून सुमारे २३ टक्के जास्त उष्णता निघते. ५ टक्क्यांसाठी २३ टक्के, हा सौदा विदर्भात परवडत नाही. म्हणून सगळे कोअर हाताने ५.२ गिगाहर्ट्‌झला बांधून ठेवायचे, ही जुनी पद्धत विसरा. आजचा फायदा रॅम नीट लावण्यात आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचं व्होल्टेज कमी करण्यात आहे. व्होल्टेज उतरलं की उष्णता उतरते आणि चिप आपणहून जास्त वेळ वरच्या वेगाला टिकते.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ७६०० घ्या. ६ कोअर, १२ थ्रेड, बूस्ट (आपणहून गाठायचा वरचा वेग) ५.१ गिगाहर्ट्‌झ. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात त्याला ८८ वॅटपर्यंत घेण्याची मुभा असते. त्याचाच भाऊ ७६००एक्स १०५ वॅटचा म्हणून विकला जातो आणि १४२ वॅटपर्यंत जातो. गेममध्ये फरक मोजकाच, उष्णता मात्र डोळ्यांत भरण्याइतकी. ९६००एक्स बऱ्या किमतीत मिळाला तरी खालची कृती तशीच चालेल, फक्त त्याच्या खोक्यात कूलर येत नाही. बिनखोक्याचा ट्रे प्रोसेसर स्वस्त सांगितला तर बिलावर वॉरंटी कोणाची आणि किती वर्षांची, हे लिहून घ्या.

इंटेलकडे जायचं असेल तर नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, दोन्ही लागतात. बी मालिकेच्या बोर्डवर फक्त रॅमचा वेग वाढवता येतो. १३व्या आणि १४व्या पिढीतले वरचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे कायमचे बिघडत होते. २०२४ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिला, पण तो बिघाड थांबवतो, झालेला बिघाड भरून काढत नाही. त्या पिढीचा के प्रोसेसर सेकंडहँड घेऊ नका.

मदरबोर्ड बी६५० चा. ए६२० स्वस्त पडतो, पण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही. बोर्डवर दोन गोष्टी बघा: प्रोसेसरला वीज देणाऱ्या व्हीआरएमवर खराखुरा धातूचा हीटसिंक, आणि मागच्या बाजूला बायोस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण. बायोस जुना असला तर प्रोसेसर न बसवताही एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून तो नवा करता येतो. हे काम सगळ्यात आधी करा. २०२३ मध्ये काही एक्स३डी (जादा कॅशेवाले रायझन) प्रोसेसर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) बेसुमार वाढल्याने जळाले, तेव्हापासून नव्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टच्या वर जाऊ दिलं जात नाही. जुन्या बायोसवर ही मर्यादा नसते.

रॅमवर जरा थांबू, कारण या प्लॅटफॉर्मवर खरा ओव्हरक्लॉक इथेच होतो. डीडीआर५-६०००, सीएल३० (सीएल म्हणजे उत्तर द्यायला रॅमला लागणारी चक्रं), १६ जीबीच्या दोन पट्ट्या, एकाच पाकिटातल्या. प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर ६००० पर्यंत रॅमशी एकास एक वेगात बहुधा सहज चालतो. त्याच्या फार वर गेलं की कंट्रोलर निम्म्या वेगाला पडतो आणि कागदावर वेगवान दिसणारी रॅम प्रत्यक्षात मागे पडते. सीएलचा आकडा एकटा वाचू नका. सीएलला २००० ने गुणून रॅमच्या वेगाने भागा: ६००० ला सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल४० म्हणजे १३.३. हा फरक गेममध्ये जाणवतो. चार पट्ट्या अजिबात नको. चार पट्ट्यांवर एएमडी स्वतः फक्त ३६०० ची हमी देते, दोनवर ५२००. पुढे वाढवू म्हणून आज ८-८ च्या दोन घेणारे इथेच फसतात.

पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. ते मेमरी ट्रेनिंग असतं. घाबरून बटण दाबून बंद करू नका. बोर्डवरचा डीरॅमचा दिवा जळत असेल तर १०-१५ मिनिटं थांबा. मग बायोसमध्ये एक्स्पो प्रोफाइल (रॅमच्या पट्टीत साठवलेली जास्त वेगाची सेटिंग) चालू करा, रॅम १.३५ व्होल्टवर जाईल. एसओसी व्होल्टेज ऑटोवर न ठेवता हाताने १.२० टाका, अस्थिर वाटलं तर १.२५, त्यापुढे नाही.

आता विंडोज टाकायची घाई करू नका. आधी पेनड्राइव्हवरून रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या पूर्ण करा. रॅम चुकत असेल तर चुकलेले बिट विंडोजबरोबर एसएसडीवर लिहिले जातात, आणि मग महिनाभराने फाइल उघडत नाही, झिप सुटत नाही, ब्राउझरचे टॅब आपोआप पडतात, तेव्हा दोष कुठला ते सापडत नाही. एकही चूक चालत नाही. विंडोज टाकल्यावर टेस्टमेम५ किंवा वाय-क्रंचर तासभर चालवा. हात शिवशिवत असतील तर टीआरईएफआय (रॅमच्या दोन रिफ्रेशमधलं अंतर) वाढवता येतो, त्याने खरोखर फायदा होतो. पण रॅम तापली की तिच्यातला चार्ज लवकर गळतो आणि वारंवार रिफ्रेश लागतो, त्यामुळे थंडीत निर्धोक चाललेला ६५५३५ हा आकडा उन्हाळ्यात चुका देऊ लागतो. पट्टीचं तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसतं. ते ५५ अंशांच्या वर जात असेल तर हा आकडा खाली आणा.

प्रोसेसरसाठी बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (बूस्टच्या मर्यादा बदलणारी सेटिंग) ॲडव्हान्स्डवर घ्या, थर्मल लिमिट ८५ ठेवा (मूळ मर्यादा ९५ आहे), आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (दर वेगाला दिलं जाणारं व्होल्टेज इथे उतरवता येतं) ऑल कोअर, निगेटिव्ह, १५. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. हे चाललं की २०, मग २५. ३० पर्यंत सगळ्याच चिप जात नाहीत. पॉवर लिमिटमध्ये 'मदरबोर्ड' हा पर्याय निवडू नका, बोर्डवाले तिथे अवाच्या सवा आकडे ठेवतात. ८८ च पुरे, एडिटिंगसाठी फार तर १०५.

इथे एक चकवा आहे. सिनेबेंच (सगळे कोअर राबवणारी चाचणी) अर्धा तास चाललं म्हणून कर्व्ह पक्का झाला असं नसतं. सगळे कोअर राबतात तेव्हा वेग थोडा खाली असतो. खरी कसोटी एकच कोअर सगळ्यात वरच्या वेगाला जातो तेव्हा. म्हणून चुकीचा कर्व्ह जड कामात टिकतो आणि पीसी नुसता पडून असताना किंवा व्हिडिओ बघताना अचानक रीस्टार्ट होतो. त्यासाठी कोअरसायकलर रात्रभर लावा, तो एकेक कोअर वेगळा तपासतो. रीस्टार्ट झालाच तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (WHEA-Logger) १८ क्रमांकाची नोंद शोधा. तिथला एपीआयसी आयडी कोणता कोअर पडला ते सांगतो: ० आणि १ म्हणजे पहिला कोअर, २ आणि ३ म्हणजे दुसरा. तेवढ्याच कोअरचा आकडा ५ ने कमी करा, बाकीचे तसेच राहू द्या. आणि बदल फायद्याचा ठरला की नाही हे मेगाहर्ट्‌झवरून ठरवू नका, स्कोअरवरून ठरवा. व्होल्टेज अपुरं पडलं की चिप आतल्या आत थबकते. दिसतो तो वेग ५.१, पण एचडब्ल्यूइन्फोमधला इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्षात मिळालेला वेग) त्याहून कमी असतो.

खोक्यातला कूलर ८८ वॅट पुण्याच्या डिसेंबरात पेलेल, अकोल्यात नाही. १२० मिमी पंख्याचा, चार हीटपाइपचा एक टॉवर कूलर घ्या. पाण्याचा नको, ८८ वॅटला त्याची गरज नाही. तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. तापमान लगेच मर्यादेला भिडलं तर आधी तीच बघा. कॅबिनेट पुढून जाळीचं, पुढे दोन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. डेझर्ट कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका, ओलसर धूळ जाळीवर लिंपल्यासारखी बसते.

ग्राफिक्स कार्डावर एकूण रकमेच्या ४० टक्क्यांपर्यंत जाऊ द्या. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीचं घ्या, ८ चं नाही; कमी पडलेली मेमरी कोणत्याही ओव्हरक्लॉकने भरून निघत नाही. मूळ वापर १६० वॅट. ॲड्रेनालिन या एएमडीच्या सॉफ्टवेअरच्या ट्यूनिंगमध्ये व्होल्टेज ऑफसेट उणे ४० मिलिव्होल्ट, मग ६०, मग ८०, दर टप्प्याला रे ट्रेसिंग असलेला गेम अर्धा तास. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली, ड्रायव्हर टाइमआउटचा निरोप आला, की एक टप्पा मागे या. मेमरीचा वेग वाढवताना फ्रेम मोजत राहा: चुका दुरुस्त करण्यात वेळ जाऊ लागला की स्क्रीनवर ठिपके येण्याआधीच फ्रेम उतरतात.

एसएमपीएस (पीसीला वीज देणारा पार्ट) ६५० वॅटचा, गोल्ड. हिशेब असा: प्रोसेसर १०५, कार्ड १६०, बाकी सगळं ५०-६०, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. अर्ध्या भारावर तो थंड आणि शांत चालतो. गोल्डचा शिक्का फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो, बनावटीची खात्री देत नाही, म्हणून वॉरंटीची वर्षं बघून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस घेतलात तर तो साधारण ३६० वॅटच देतो. मॉनिटर धरून गेम चालू असताना लाइट गेली की तो ट्रिप होईल. १००० व्हीएच्या खाली नको. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. मल्टिमीटरवर फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवं. हे ठीक झाल्याशिवाय ओव्हरक्लॉकला हात लावू नका, आणि ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही हेही लक्षात ठेवा.

सेटिंग बिघडून पीसी चालूच झाला नाही तर प्लग काढा, बोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. सगळे आकडे वहीत लिहून ठेवा, कारण बायोस नवा केला की त्यातली जतन केलेली प्रोफाइल बहुधा पुसली जातात. आणि शेवटची चाचणी मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता घ्या. त्या दिवशी रीस्टार्ट झाला तर कर्व्हचा आकडा ५ ने मागे घ्या आणि तोच वर्षभर ठेवा.