मनात असले विचार येतात, म्हणजे मी वाईट माणूस आहे का?

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की समोरचा माणूस बराच वेळ नुसता पाण्याचा ग्लास फिरवत बसला की मला अंदाज येतो. बाळाला आंघोळ घालताना नको ते मनात आलं म्हणून रडणारी आई, शेजारच्याला रुळावर ढकललं तर, असं वाटून लोकल सोडून देणारा कॉलेजचा मुलगा, देवापुढे हात जोडले की शिव्या आठवणाऱ्या आजी. सगळ्यांची भीती एकच, विचार आला म्हणजे आत कुठेतरी मला तसं करायचं असणार. त्यातलाच एक अनुभव सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तिशीतला मुलगा, आयटीत, घरी तो आणि आई. आई खोबरं खवत असताना एकदम त्याच्या डोळ्यासमोर आलं की ही विळी उचलून आपण आईलाच... पुढचं वाक्य त्याने बरेच दिवस माझ्यासमोर पूर्ण केलं नाही. विळी पेपरात गुंडाळून माळ्यावर गेली, मग सुऱ्या कपाटात गेल्या, मग आई ओट्याशी असली की हा बाहेरच्या खोलीत. आई बिचारी कामाच्या मावशींना विचारतेय, माझी विळी कुणी नेली. आणि रोज रात्री ह्याचा प्रश्न ठरलेला, "आई, मी तुला कधी काही करेन असं वाटतं का गं?"

एकदा तो म्हणाला, "मॅडम, मी त्या ग्रहावर असतो ना, तर केव्हाच आत गेलो असतो." कुठला ग्रह विचारलं तर 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' ह्या अंतराळयानावरच्या मालिकेतला १९९७ चा एक एपिसोड निघाला, 'रँडम थॉट्स'. मी घरी जाऊन तो नीट बघितला. मारी नावाचे लोक, एकमेकांच्या मनातलं त्यांना कळतं, आणि हिंसक विचार करणं हाच तिथे गुन्हा. बाजारात एक माणूस यानातल्या इंजिनिअर बेलाना टॉरेसला धडकतो, क्षणभर तिच्या मनात येतं की ह्याला मारावं. तेवढंच. पण तो विचार त्या माणसाच्या डोक्यात शिरतो आणि तो दुसऱ्याच कुणाला तरी मारहाण करतो. पकडली जाते टॉरेस, आणि शिक्षा म्हणजे मेंदूतून तो विचारच पुसून टाकायचा.

पुढच्या भेटीत मी त्याला विचारलं, "टॉरेसने नक्की केलं काय?"

"काहीच नाही. राग आला आणि पुढे गेली."

"मग त्या माणसाला का नाही जमलं पुढे जाणं?"

"त्याला सवयच नव्हती ना मॅडम, तिथे कुणालाच नाही. टॉरेस अर्धी क्लिंगॉन आहे, त्या मालिकेतल्या तापट लढवय्या जातीची, तिला राग रोजचाच."

"आणि ह्या सगळ्यात तू कोण?"

मला वाटलं तो टॉरेस म्हणेल. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मी निमिरा आहे."

निमिरा म्हणजे टॉरेसला अटक करणारी तिथली तपास अधिकारी. इतक्या वर्षांच्या कामात ह्या आजाराचं, म्हणजे नको ते विचार परत परत येऊन छळणाऱ्या ओसीडीचं, इतकं नेमकं वर्णन मी फार कमी वेळा ऐकलंय, आणि ते त्याचं त्याने शोधलं ह्याचा मला आजही अभिमान वाटतो. निमिरा दुष्ट नाहीये हो, लोकांचं भलं व्हावं म्हणूनच ती झटते. पण तिच्या कायद्यामुळे त्याच गावात हिंसक विचारांचा चोरटा बाजार चालतो, एक दुकानदार तर तसा विचार मिळावा म्हणूनच टॉरेसला धक्का मारायची व्यवस्था करतो. बंदी घातली म्हणून विचारांना किंमत आली. ह्या मुलाच्या डोक्यातही तेच चाललं होतं, जितकी तपासणी कडक तितका तो विचार महाग.

मी अल्बर्ट एलिस ह्या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते, त्यामुळे मला इथे विचारापेक्षा त्यावरचा हुकूम महत्त्वाचा वाटतो, "असं माझ्या मनात येताच कामा नये" हा. रॅकमन आणि डी सिल्वा ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की कुठलाही आजार नसलेल्या बहुतेक माणसांनाही असले विचार येतात, आणि मजकूरही साधारण तोच असतो. फरक पडतो तो त्याचा अर्थ काय लावला ह्याने. आणि हे विचार बरोबर तिथेच येतात जिथे आपला जीव अडकलेला असतो, आई, बाळ, देव.

मग विळी खाली आली. आधी नुसतं आईशेजारी बसायचं, विचार आला तर येऊ द्यायचा, हटवायचा नाही, त्याच्याशी वाद नाही आणि रात्रीचा प्रश्न बंद. सुरुवातीला घामाघूम व्हायचा. एक दिवस आईच म्हणाली, कंबर दुखतेय, तूच खव, आणि त्याने अख्खा नारळ खवला. विचार अजूनही अधूनमधून येतो, पण आला तरी हातातलं काम सोडत नाही.

तुमच्या घरात कुणी असं सारखं विचारत असेल तर "नाही रे, तू असं कधीच करणार नाहीस" हे दर वेळी म्हणू नका, त्याने दहा मिनिटं बरं वाटतं आणि प्रश्न परत येतो. "हा तोच विचार आहे, चल जेवायला" एवढं पुरे. दिवसाचे तास ह्यात जात असतील तर सायकियाट्रिस्टना दाखवा, गोळ्यांनीही चांगला फरक पडतो. मात्र खरंच कुणाला इजा करायचं मनात ठरत असेल, आवाज ऐकू येऊन ते हुकूम देत असतील, किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई झोपत नाहीये आणि असंबद्ध बोलतेय, तर ही वेगळी गोष्ट आहे, त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बाकी कुणाशी बोलावं कळत नसेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.