लिथियम: रक्त कधी द्यायचं?

प्रश्न: माझ्या भावाला बायपोलर आजारासाठी लिथियम चालू आहे. या वेळी रक्तातली पातळी 1.3 आली, म्हणून घाबरून आम्ही दोन दिवस गोळ्या दिल्याच नाहीत. चुकलं का?

उत्तर: त्या दिवशी सकाळची गोळी घेऊन तो रक्त द्यायला गेला होता का, हे आधी आठवून पाहा. लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी मोजतात. रात्री 9 वाजता गोळी, तर सकाळी 9 वाजता रक्त. सकाळची गोळी त्यानंतर. उपाशीपोटी जायची गरज नाही. गोळीनंतर दोन-तीन तासांत रक्त दिलं तर आकडा फुगून येतो. त्यावरून डोस कमी झाला की खरी पातळी अपुरी पडते आणि आजार उलटतो. वेळ चुकली असेल तर डॉक्टरांना तसं सांगून पुन्हा तपासा. वेळ बरोबर असेल तर 1.3 खरोखरच जास्त आहे. डोस डॉक्टर ठरवतील. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट डोस मात्र देऊ नका.

आजार आटोक्यात ठेवायला बहुतेकांना 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर पुरतं. 1.5 च्या वर विषबाधेचा धोका, काहींना त्याच्या आतही. उपयोग आणि अपाय यांत एवढंच अंतर आहे, म्हणून डोस बदलल्यावर साधारण आठवड्याने आणि पहिल्या वर्षी दर 3 महिन्यांनी पातळी बघतात. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमच्या तपासण्या दर 6 महिन्यांनी.

लिथियम लघवीवाटे बाहेर जातं आणि मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं. जुलाब, उलट्या, खूप घाम, किंवा जेवणातलं मीठ एकदम तोडणं, यात शरीर सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत लिथियमही साठतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पातळी चढते. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. हातांची बारीक थरथर नेहमीची. पण थरथर वाढली, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी थांबवा आणि लगेच रुग्णालय गाठा. अशा वेळी वाट पाहू नका.

प्रश्न: दोन वर्षं तो अगदी ठीक आहे. आता औषध बंद करू का?

उत्तर: स्वतःहून नाही. लिथियम एकदम तोडल्यावर पुढच्या काही महिन्यांत उन्माद उसळण्याचा धोका मोठा असतो, आत्महत्येचाही. बंद करायचंच ठरलं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान 4 आठवडे, शक्यतो 3 महिने घेऊन डोस उतरवतात.