डॉक्टरचं लायसन्स: एकदा मिळालं की झालं?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेक्स्ट परीक्षेसाठी आत्तापासूनच क्लास लावू का?

उत्तर: नका लावू. नेक्स्ट, म्हणजे एमबीबीएसची फायनल, लायसन्स आणि पीजी प्रवेश या सगळ्यांसाठी ठरवलेली एकच परीक्षा, २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात आहे, ३ वर्षांत सुरू व्हायची होती, २०२३ मध्ये पुढच्या आदेशापर्यंत थांबवली. तिने विद्यापीठाची फायनल आणि नंतरची वर्षभराची इंटर्नशिप नीट करावी. आज होतं काय की पीजीची सीट रँकवर मिळते म्हणून पोरं इंटर्नशिपमध्ये लायब्ररीत एमसीक्यू, म्हणजे चार पर्यायांचे प्रश्न, सोडवत बसतात आणि वॉर्डातलं शिकायचं राहूनच जातं, यात पोरांना तरी किती दोष देणार. नेक्स्टची दुसरी पायरी प्रॅक्टिकलची ठरवलीय, मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. दम लागलेल्या पेशंटला आधी काय विचारायचं, नातेवाईकांना वाईट बातमी कशी सांगायची, हे चार पर्यायांतून कळत नाही हो! आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, म्हटलं की एक्झामिनरचा मूड आलाच, म्हणून मी ऑस्कीच्या बाजूने आहे, ती स्टेशन-स्टेशनवर फिरत द्यायची प्रॅक्टिकल परीक्षा, तिथे सगळ्यांना तीच स्टेशन्स, तीच चेकलिस्ट.

प्रश्न (ऐरोली): भाचा परदेशातून एमबीबीएस करून आलाय. एफएमजीई ही परदेशात शिकलेल्यांची लायसन्सची परीक्षा फक्त त्यालाच का?

उत्तर: त्याची तक्रार रास्त आहे. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० मार्क, आणि पेशंट एकही समोर नाही. सगळ्यांना एकच परीक्षा असावी हाच तर नेक्स्टचा हेतू होता. पण नेक्स्ट सुरू होईपर्यंत एफएमजीईला पर्याय नाही, ती द्यावीच लागेल.

प्रश्न (खारघर): आमचे फॅमिली डॉक्टर सत्तरीचे आहेत, फार चांगले आहेत, पण अपडेटेड आहेत का ते कसं ओळखायचं?

उत्तर: वयावरून तर नाहीच ओळखता येत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात, पण ते मिळतात कॉन्फरन्सला हजेरी लावून, तिथे ऐकलेलं दवाखान्यात वापरलं की नाही हे कोणी बघत नाही. ब्रिटनमध्ये २०१२ पासून दरवर्षी अप्रेझल, म्हणजे डॉक्टरच्या कामाचं मूल्यमापन, होतं, पेशंटचं आणि सहकाऱ्यांचं मत घेतात, आणि ५ वर्षांनी लायसन्स पुढे चालू ठेवायचं का ते ठरतं. आपल्याकडे हे यायलाच हवं, मी स्वतः या तपासणीला आनंदाने सामोरा जाईन. तोपर्यंत प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर आहे ना बघा, तो असणं बंधनकारक आहे, कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून बघा, आणि डॉक्टरांना सरळ विचारा की हे औषध का बदललंत किंवा इतकी वर्षं तेच का चालू ठेवलंय, चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.