लॅपटॉपचा बॅकअप हार्ड डिस्कवर घ्यावा की क्लाउडवर?
४०० जीबी फोटो आणि कागदपत्रं आहेत, यातलं एकच काय निवडू, असं विचारलंय. एकच नको, दोन्ही लागतील.

आधी १ टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क घ्या. एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) वेगवान खरी, पण वीज न मिळता वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तर तिच्यातला डेटा खराब होऊ शकतो. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर (फाइल्स अडवून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही कुलूप घालतं. आणि लॅपटॉपच्या बॅगेत तर अजिबात नको. माझी बॅग प्रवासात हरवली तेव्हा मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच गेली!

दुसरी प्रत घराबाहेर हवी. गूगल ड्राइव्ह या क्लाउडच्या फुकट १५ जीबीत सातबारा, मार्कशीट, पासपोर्ट एवढं बसेल. फोटोंची दुसरी डिस्क बहिणीकडे किंवा गावी ठेवा, दिवाळीला गेलात की अदलाबदल. फक्त ड्राइव्हच्या सिंकला बॅकअप समजू नका: इकडे फाइल उडवली की तिकडूनही जाते, ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते.

डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करायचं साधन) लावलात तर त्याची ‘रिकव्हरी की’, म्हणजे कुलूप उघडायचा आकडा, कागदावर लिहून ठेवा. त्याच डिस्कवर नव्हे, हे सांगावं लागतं.