‘तीव्रतेचा अंदाज’: आत्ताचा की उद्याचा?

प्रश्न असा आला आहे: ‘उपग्रहचित्रांवरून टायफूनच्या तीव्रतेचा अंदाज’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, वादळ उद्या किती जोर धरेल ते सांगताहेत. सांगायचा असतो तो आत्ताचा जोर. मग ‘अंदाज’ऐवजी काय लिहावं?

अदमास. ‘हवामानाचा अंदाज’ रोज ऐकून ‘अंदाज’ उद्याकडे कलला आहे. ‘अदमासे दोन किलो असेल’ म्हणताना मात्र भोपळा समोरच असतो, नसतो तो तराजू.

टायफूनचंही तसंच. पश्चिम प्रशांत महासागरात अमेरिकी लष्कराची विमानं वादळात शिरून हवेचा दाब मोजत (केंद्रात तो जितका कमी, तितकं वादळ जबर). १९८७ मध्ये त्या नेहमीच्या फेऱ्या थांबल्या आणि भिस्त मुख्यतः उपग्रहांवर आली. पण ढगांच्या चित्रात वाऱ्याचा वेग लिहिलेला नसतो. अमेरिकी हवामानतज्ज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात तो ढगांच्या घडणीवरून काढायची पद्धत बसवली. ढगांच्या पट्ट्याने केंद्राभोवती किती वेढा घेतलाय ते पाहायचं. डोळा, म्हणजे केंद्रातला मोकळा भाग, उघडला असेल, तर उष्णता दाखवणाऱ्या अवरक्त चित्रात तो किती उबदार आणि भोवतालच्या ढगांचे माथे किती थंड, हे पाहायचं. फरक मोठा तितकं वादळ जबर. त्यावरून १ ते ८ मधला ‘टी क्रमांक’ द्यायचा, अर्ध्याअर्ध्या पायरीने. टी ४ म्हणजे ६५ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाचे वारे, टी ८ म्हणजे १७०. नजरेचाच अदमास, फक्त शिस्तीत बसवलेला.

‘अनुमान’ही चुकीचं नाही. धूर पाहून अग्नी, तसा ढग पाहून वारा! पण अनुमानाला आकड्याची सवय नाही. ‘आकलन’ मात्र नको. हिंदीत ते चालतं, मराठीत त्याचा अर्थ समजणं.

क्रियापदही जपून वापरावं. १९७९ च्या ‘टिप’ टायफूनचा ८७० हेक्टोपास्कल दाब ‘मोजला’ म्हणायला हरकत नाही. विमानातून सोडलेल्या उपकरणाने तो खरोखर मोजला होता. २०१३ मध्ये फिलिपिन्सवर आदळलेल्या ‘हैयान’चे ताशी ३१५ किमीचे वारे ‘नोंदले गेले’ असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. तो आकडा उपग्रहचित्रांवरून काढलेला होता.

तेव्हा वाक्य असं करा: ‘चित्रांवरून वादळाची तीव्रता सध्या अदमासे टी ६, उद्या ती टी ७ होईल असा अंदाज.’