सीएमसीच्या (क्रिटिकल मिसेल कॉन्सन्ट्रेशन) खाली सरफॅक्टंट (साबणासारखा पदार्थ, म्हणजेच डिटर्जंट) असेल तर पेशीपटलातल्या आयन वाहतुकीवर परिणाम होत नाही, हे खरं का?

नाही. हे वाक्य मी प्रबंधांमध्ये आणि तोंडी परीक्षांमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. सीएमसी ही पाण्याची गोष्ट आहे. त्या प्रमाणापासून पाण्यात मिसेल, म्हणजे सरफॅक्टंट रेणूंचे गोळके, बनू लागतात, एवढंच ती सांगते. पटलात शिरतात ते सुटे रेणू, आणि ते सीएमसीच्या खूप आधीपासून शिरत असतात. बघायचं ते हे, की पटलातल्या एका लिपिड रेणूमागे सरफॅक्टंटचे किती रेणू आहेत.

आकडेमोड करा. प्लॅनर बायलेयरचा कप घ्या, म्हणजे ज्याच्या भिंतीतल्या भोकावर लिपिडचं दुपदरी सपाट पटल ताणलेलं असतं; भोक २०० मायक्रॉन व्यासाचं. दोन्ही थर धरून त्यात जेमतेम ०.१५ पिकोमोल लिपिड मावतं. कपातल्या १ मिली द्रावणात ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटचं प्रमाण १० मायक्रोमोलर ठेवलं, म्हणजे सीएमसीच्या विसाव्या भागाहूनही कमी, तरी ते १० नॅनोमोल भरतं. लिपिडच्या सुमारे साठ हजार पट! पटल हवं तेवढं ओढून घेतं आणि द्रावणातला साठा तसूभरही कमी होत नाही. हेच १० मायक्रोमोलर ५ मिलिमोलर लिपिडच्या लायपोसोममध्ये (लिपिडच्या सूक्ष्म बंद पिशव्यांत) टाका: आता लिपिडच पाचशे पट जास्त आहे आणि पटलाला काही जाणवत नाही. प्रमाण तेच, सीएमसी तीच, निकाल उलटे. लायपोसोमवरचा 'सुरक्षित' आकडा उचलून बायलेयरला लावणारे इथेच फसतात.

पटलातून जाणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या रेकॉर्डिंगवर हे कसं दिसतं ते सांगतो, कारण चुका सगळ्यात जास्त इथे होतात. डेकेनमधलं लिपिड रंगवून केलेल्या चांगल्या पटलाची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) २०० मायक्रॉनच्या भोकाला दीडशे पिकोफॅरडच्या आसपास येते, आणि १०० मिलिव्होल्टला गळती १ पिकोअँपिअरच्या आत असते. डिटर्जंट चढू लागला की आधी बेसलाइन जाड होते. मग पायऱ्या दिसतात, अगदी चॅनेल (आयनांना वाट देणारं प्रथिन) उघडझाप करतोय अशा. प्रथिनाचा एक रेणूही कपात नसताना! ओळखायच्या खुणा अशा: पायऱ्यांची उंची एकसारखी नसते, व्होल्टेज वाढवलं की त्यांची गर्दी एकदम वाढते, नेमका ब्लॉकर (चॅनेल बंद करणारं रसायन) टाकला तरी त्या थांबत नाहीत. शिवाय दोन बाजूंना केसीएलचा दहापट फरक ठेवला तर रिव्हर्सल पोटेन्शियल (ज्या व्होल्टेजला प्रवाह शून्य होतो ते) शून्याजवळ घुटमळतं; फक्त पोटॅशियम जाऊ देणारा चॅनेल असता तर ते पन्नास मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं असतं. म्हणून कंट्रोल म्हणजे साधा बफर नव्हे. प्रथिन ज्या डिटर्जंट-बफरमध्ये आहे तोच, तेवढ्याच मायक्रोलिटरमध्ये, प्रथिनाशिवाय टाकायचा आणि तेवढाच वेळ रेकॉर्ड करायचं.

पण 'सरफॅक्टंट म्हणजे भोकं' इथेच थांबणंही चूक आहे. ग्रॅमिसिडिन या छोट्या पेप्टाइडचा चॅनेल दोन थरांतले दोन अर्धे जुळले की बनतो, आणि तो पटलाच्या तेलकट गाभ्यापेक्षा आखूड असल्याने पटलाला तिथे चिमटून घ्यावं लागतं. ट्रायटन त्या चिमट्याची किंमत कमी करतो, म्हणून चॅनेल जास्त वेळा बनतात आणि जास्त वेळ टिकतात. ओलाफ अँडरसन आणि येन्स लुंडबेक या संशोधकांनी हे नीट दाखवलंय. व्होल्टेजवर चालणाऱ्या सोडियम चॅनेलमध्ये तर इनॲक्टिव्हेशन (चॅनेलचं तात्पुरतं निकामी होणं) ऋण व्होल्टेजच्या बाजूला सरकतं, म्हणजे विश्रांतीच्या व्होल्टेजला हाताशी असलेले चॅनेल कमी होतात. पटल फुटलेलं नाही, तरीही आयन वाहतूक बदलली.

एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) या डिटर्जंटचा हिशोब वेगळा. तो ऋणभारित असल्याने पटलाच्या पृष्ठभागाशी धन आयन गोळा होतात, आणि दुसऱ्या थरात तो फार हळू उलटतो, त्यामुळे पटल एका बाजूने ताणलं जातं. पोटॅशियमच्या बफरमध्ये तर तो वापरूच नका. पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा साका बसतो आणि द्रावणात किती उरलं हे कळायला मार्ग राहत नाही.

आता तो जुना वाद. 'थोड्या डिटर्जंटने सोडियम-पोटॅशियम पंपाचा वेग वाढतो.' वाढत नाही! पटलाच्या तुकड्यांपासून बनलेल्या बंद पिशव्यांत एटीपीला (पंपाच्या इंधनाला) पंपाच्या आतल्या बाजूची जागा हवी असते आणि ओआबेनला (पंप बंद करणाऱ्या रसायनाला) बाहेरच्या बाजूची. पिशवी सरळ असो की उलटी, दोन्ही जागा एकाच वेळी बाहेरून सापडत नाहीत. डिटर्जंट पिशवी उघडतो आणि झाकलेले पंप मोजणीत येतात. पटत नसेल तर डिटर्जंटऐवजी अलामेथिसिन या भोकं पाडणाऱ्या पेप्टाइडने पिशव्या उघडा. लपलेली ॲक्टिव्हिटी तशीच बाहेर येईल. डिटर्जंट थोडा जरी जास्त पडला तरी पंपच मरतो, म्हणून प्रत्येक नव्या बॅचला डिटर्जंट-प्रथिन प्रमाणाची मालिका पुन्हा लावावी लागते.

दोन गोष्टी राहिल्या. वरच्या आकडेमोडीत भोकाच्या कडेला साचलेलं लिपिड धरलेलं नाही. ते धरलं तर साठ हजारांचा आकडा बराच खाली येईल, मुद्दा मात्र तोच राहील. आणि ट्रायटन डायलिसिसने जाईल या भरवशावर राहू नका. त्याची सीएमसी कमी आणि मिसेल मोठे, त्यामुळे तो डायलिसिसच्या पिशवीतच अडकून राहतो. त्याला शोषून घेणारे पॉलिस्टायरीनचे मणी, म्हणजे बायो-बीड्स, लागतात. ऑक्टिल ग्लुकोसाइड हा डिटर्जंट मात्र डायलिसिसने छान निघतो.