वाचकांचे प्रश्न : ओळ छापली की मोटर सुधारते

प्रश्न : सावंतवाडीला मामा लाकडी खेळणी करतात. त्यांच्यासाठी फळी कापायचं छोटं यंत्र बनवतोय. घरचा जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, पॅरलल पोर्टमधून (जुन्या प्रिंटरचं सॉकेट) मोटरला करंट देणाऱ्या ड्रायव्हरला पल्स, म्हणजे विजेचे ठोके; सी भाषेतला प्रोग्रॅम माझाच. स्टेपर मोटर फेऱ्याला २०० पावलांची, ड्रायव्हर एका पावलाचे सोळा भाग करतो, दर पल्सला एक भाग, स्क्रू फेऱ्याला ८ मिमी सरकतो. सेकंदाला पाच फेऱ्यांवर मोटर मध्येच 'कर्र' करते आणि काप सरकतो. चूक शोधायला दर पल्सला आकडा पडद्यावर छापला, तर यंत्र हळू पण अगदी नीट चाललं! ओळ काढली की पुन्हा तेच.
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : छापण्यात वेळ जातो, म्हणून वेग उतरतो आणि दोष दडून बसतो. गणित करा : २०० गुणिले १६ म्हणजे फेऱ्याला ३,२०० पल्स, पाच फेऱ्यांना १६,०००. दोन पल्समध्ये जेमतेम ६२.५ मायक्रोसेकंद. तेवढ्यात पडद्यावर ओळ कशी उमटणार?

रत्नागिरीत पंपांच्या मोटरी रिवाइंड करताना मी कॉइल गुंडाळायचं यंत्र असंच केलं होतं. वेढे चुकायचे. पावसाळा होता, खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवी पडलेली. मी वायरी बदलल्या, स्टॅबिलायझर लावला. पंधरा दिवस गेले. दोष प्रोग्रॅममध्येच होता.

म्हणून आधी वायरिंग की प्रोग्रॅम, ते ठरवा. कपलिंगवर (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्यावर) आणि मोटरच्या अंगावर पेन्सिलीने एक सरळ रेघ मारा. १०० फेऱ्या पुढे, १०० मागे. प्रोग्रॅमची मोजणी शून्यावर आली आणि रेघ जुळली नाही, तर पल्स मोजले गेले, पण मोटर घसरली. दोन फेजची (कॉइलच्या दोन संचांची) स्टेपर घसरते ती चार पूर्ण पावलांच्या पटीत, म्हणजे ७.२ अंश, तुमच्या स्क्रूवर ०.१६ मिमी. फळीवरची चूक ०.१६, ०.३२ अशी येते का, व्हर्नियर लावून बघा. तशी येत असेल, तर मला पल्सच्या वेळेचाच संशय आहे.

आता छापू नका, नोंदवा. प्रत्येक पल्सची वेळ मेमरीतल्या एका अॅरेत (ओळीने मांडलेल्या रकान्यांत) टाका आणि मोटर थांबल्यावर फाइलमध्ये लिहा. मिनिटाच्या ९ लाख ६० हजार नोंदी, प्रत्येकी ८ बाइट. ८ एमबीसुद्धा भरत नाहीत. अॅरे सुरुवातीलाच शून्यांनी भरून घ्या, नाहीतर ऐन धावपळीत लिनक्स मेमरीची पानं शोधत बसतं. मग लागोपाठच्या वेळांची वजाबाकी करा. मला माझ्या यादीत सगळीकडे सारखी अंतरं दिसली, मध्येच एक ४ मिलिसेकंदांचं, आणि त्याच्या मागोमाग अगदी जवळजवळ चिकटलेले पल्स. लिनक्सने मध्येच दुसरं काम उचललं होतं आणि माझा प्रोग्रॅम राहिलेले पल्स एकदम भरून काढत होता. रोटरला वजन असतं, तो असा एका झटक्यात पळत नाही. 'कर्र' येतं ते तिथून.

तेव्हा उशीर झाला तर भरपाई करू नका. तिथून वेग पुन्हा हळूहळू चढवा. लिनक्स ६.१२ पासून, म्हणजे २०२४ पासून, रिअल-टाइमची, म्हणजे ठरल्या वेळी काम करण्याची सोय मुख्य कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) आहे. ती चालू असलेला कर्नल घ्या आणि प्रोग्रॅमला रिअल-टाइम प्राधान्य द्या. तरीही जुन्या मशीनवर मी पल्स सोडायचं काम एखाद्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाकडेच देईन. कॉम्प्युटरने फक्त 'इतकं सरक' एवढं सांगावं.

आणि एक कळकळीची विनंती. डीबगरने (चूक शोधायच्या साधनाने) प्रोग्रॅम मध्येच थांबवला तरी ड्रायव्हरमधला करंट थांबत नाही, कापायची मोटरही फिरतच राहते. या सगळ्या चाचण्या होईपर्यंत त्या मोटरची वायर काढून ठेवा आणि कटरच्या जागी पेन्सिल बांधा.